आउटबॅकसाठी जुनी फोर व्हील ड्राइव्ह घेताना

साउथ ऑस्ट्रेलियातलं मारी हे गाव अ‍ॅडलेडच्या उत्तरेला, सातशे किलोमीटरच्या आसपास. इथं रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक बर्ड्सव्हिलला जातो, ५१७ किलोमीटर. दुसरा ऊडनाडाटावरून मार्लाला, सहाशेच्या वर. दोन्ही कच्चे, आउटबॅकमधले, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या आतल्या ओसाड भागातले. जुलैतल्या एखाद्या सकाळी मारीच्या पंपावर उभं राहून नुसत्या गाड्या बघत बसावं. चकचकीत, नखशिखांत सजवलेल्या गाड्यांच्या रांगेत एखादी पंचवीस वर्षांची लँडक्रूझर असते. टपावर फक्त एक स्टेपनी, मागं पाण्याचे दोन कॅन, पुढं सत्तरीचे आजी-आजोबा. टो-ट्रकवर चढून परत येताना मी आजवर ज्या गाड्या पाहिल्या, त्यांत सजवलेल्याच जास्त होत्या.

इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या फराळाला कुणीतरी हमखास विचारतं, "दादा, प्रॅडो घेऊ की पॅट्रोल?" मी उलट विचारतो, "जाणार कुठं? आणि घरातली किती माणसं घेऊन?" या दोन प्रश्नांची उत्तरं ठरली की निम्म्या जाहिराती आपोआप गळतात.

आधी रस्ता, मग गाडी

उलुरूला, त्या प्रसिद्ध लाल खडकाला, जायला फोर व्हील ड्राइव्ह लागत नाही. स्टुअर्ट हायवे पूर्ण डांबरी आहे, साधी करोला जाते. पर्थकडं जाणारा नलारबॉरचा रस्ताही डांबरी. फ्लिंडर्स रेंजेस या डोंगररांगांमधल्या बऱ्याचशा मातीच्या रस्त्यांना थोडी उंच एसयूव्ही पुरते. ऊडनाडाटा आणि बर्ड्सव्हिल हे दोन्ही ट्रॅक कोरडे असताना, चांगल्या टायरवर, हळू गेलात तर साध्या ऑल व्हील ड्राइव्हलाही जमतात. पाऊस पडला तर मात्र कुणालाच जमत नाहीत, कारण रस्ताच बंद करतात. खरी फोर व्हील ड्राइव्ह, म्हणजे लो रेंज (हळू पण जास्त जोर देणारे गिअर), वेगळी चॅसी आणि मोठी टाकी असलेली गाडी लागते ती सिम्प्सन वाळवंटाला, वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या कॅनिंग स्टॉक रूटला आणि केप यॉर्कच्या जुन्या टेलिग्राफ ट्रॅकला. सिम्प्सनमध्ये वाळूचे अकराशेच्या आसपास डोंगर ओलांडायचे असतात. कॅनिंग तर साडेअठराशे किलोमीटरचा. किम्बर्लीतला ६६० किलोमीटरचा गिब रिव्हर रोड या दोन गटांच्या मधे बसतो.

इथंच लोक फसतात. गाडी सिम्प्सनसाठी घेतात आणि आयुष्यभर फ्लिंडर्सला जातात. दोन वर्षांतून एकदा आठ दिवस जाणार असाल, तर त्या आठ दिवसांसाठी रोजची गाडी तीन टनांची करून ठेवू नका.

डोंगर चढणं हा या प्रवासातला खरा त्रास नव्हे. त्रास आहे तो कोरुगेशनचा. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा होतो, आडव्या लाटाच लाटा, शेकडो किलोमीटर. शॉकअप तापून निकामी होतात, नट सैल होतात, बॅटरीचा ट्रे तुटतो, टपावरचा कॅरियर चिरतो. म्हणून जाहिरातीतला तिरक्या खडकावर चढलेल्या गाडीचा फोटो विसरा. तीन दिवस सलग हादरे खाऊन जिचं काही सुटणार नाही, अशी गाडी शोधायची आहे.

वजन, ज्याकडं कुणी बघत नाही

प्रत्येक गाडीला जीव्हीएम असतो, म्हणजे माणसं, सामान, इंधन सगळं धरून कायद्यानं चालणारं जास्तीत जास्त वजन. उदाहरणाला २०० सिरीज लँडक्रूझर घेऊ. भलीमोठी गाडी, वाटतं हत्तीसुद्धा नेईल. तिचा जीव्हीएम ३,३५० किलो. टाकी भरलेली रिकामी गाडीच सुमारे २,७४० किलोची. उरले सहाशेदहा.

आता मांडा हिशेब. पुढचा स्टीलचा बुलबार, म्हणजे संरक्षक कठडा, ६० किलो, गाडी ओढून काढायचा विंच ४०. मागचे ड्रॉवर आणि दुसरी बॅटरी १००. टपावरचा कॅरियर आणि तंबू मिळून ९५. दुसरी स्टेपनी ३५. जादा डिझेल ६० लिटर, म्हणजे ५० किलो. पाणी चौघांना पाच दिवसांचं म्हणून १२० लिटर, तितकेच किलो. फ्रिज आणि खाणं ५०, हत्यारं आणि दोरखंड ४०. आई-बाप आणि दोन वाढती मुलं २८०. बेरीज ८७०. म्हणजे कपड्यांची बॅग आणि कुकर ठेवण्याआधीच गाडी अडीचशे किलोंनी जड झाली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

याचा परिणाम वाटेत दिसतो. ब्रेक उशिरा लागतात, मागचे पाटे किंवा स्प्रिंग बसतात, चॅसीला तडे जातात. दोन दारांच्या दोन जोड्या आणि मागं उघडा हौदा असलेल्या गाड्यांना, ज्यांना इथं ड्युअल कॅब यूट म्हणतात, मागच्या स्प्रिंगमध्ये हवेचे फुगे बसवून वजन वाढवलं तर केबिनच्या मागं चॅसी चक्क वाकते. अशा वाकलेल्या गाड्यांचे फोटो इथल्या कुठल्याही फोर-बाय-फोरवाल्याकडं मोबाइलमध्ये मिळतील. आणि अपघात झालाच, तर जादा वजनाचं कारण पुढं करून विमा कंपनी हात झटकू शकते.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: गाडी कधी वजनकाट्यावर घातली होती का? पावती आहे का? "जीव्हीएम अपग्रेड केलंय" असं कुणी सांगितलं, तर त्याची अधिकृत पाटी किंवा प्रमाणपत्र बघा. नुसते जाड स्प्रिंग घातले म्हणजे कायद्यानं वजन वाढत नाही. माझं मत विचाराल तर शक्यतो न सजवलेली गाडी घ्या. सजवलेली गाडी स्वस्त पडते, कारण वस्तूंचे पैसे निम्मेही वसूल होत नाहीत. पण ती सजावट दुसऱ्याच्या गरजेची असते आणि वायरिंग बहुतेक वेळा त्यानंच रविवारी दुपारी केलेलं असतं.

कोणती गाडी

आउटबॅकमध्ये टोयोटा इतक्या का, याचं उत्तर ती सर्वांत चांगली आहे असं नाही. गुरांची स्टेशनं, म्हणजे अवाढव्य कुरणं, खाणी, सगळीकडं लँडक्रूझर राबतात. त्यामुळं सुटे भाग आणि हात घालणारा माणूस दोन्ही मिळतात. अडकल्यावर यासारखा गुण नाही. पण हा गुण सगळ्यांना माहीत असल्यानं त्याची किंमतही लावली जाते. तेवढ्याच पैशांत दुसरी गाडी पाच वर्षांनी नवी मिळते.

८० सिरीज लँडक्रूझर, १९९० ते १९९८. पुढं-मागं दोन्हीकडं आडवा पक्का एक्सल, जवळजवळ कॉम्प्युटर नाही. ४.२ लिटरचं बिनटर्बोचं वन-एचझेड डिझेल संथ, पण हातोडीनं दुरुस्त होईल असं. आता या गाड्यांचं वय बघता गंज आणि रबरी होजपाइप हेच मुख्य दुखणं. हळू जायची तयारी असेल तर सोबत छान. मुलं मागं बसून "अजून किती?" म्हणणार असतील तर नको.

१०० सिरीज, १९९८ ते २००७. माझ्या लेखी लांबच्या प्रवासाची सर्वांत समतोल गाडी. ४.२ टर्बो डिझेल सोन्याच्या भावानं जातं. ४.७ लिटरचं व्ही-८ पेट्रोल मात्र त्याच्यापुढं बरंच स्वस्त. ते पेट्रोल भरपूर पितं, पण वर्षाला दोनच मोठ्या सहली असतील तर किमतीतल्या फरकात किती पेट्रोल येईल ते कागदावर मांडून बघा. त्याचा टायमिंग बेल्ट दीड लाख किलोमीटरला बदलायचा असतो, बदलल्याची पावती मागाच. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्यामुळं पुढच्या भागाला जड बुलबार आणि पुढच्या डिफला, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरला, जोरात रेटणं सोसत नाही.

निसान पॅट्रोल जीयू, आपल्या मंडळींची आवडती, कारण पैशाच्या मानानं गाडी भरपूर येते. एक्सल दणकट. पण इंजिन कोणतं हे बघितल्याशिवाय हात लावू नका. ४.२ डिझेल असेल तर डोळे झाकून, म्हणजे अर्थात चॅसी बघून. २००० साली आलेल्या ३.० लिटर डिझेलच्या सुरुवातीच्या गाड्यांचे पिस्टन वितळायचे. इथं त्याला "ग्रेनेड" असंच नाव पडलं. नंतर ते सुधारलं, आणि आजवर टिकलेलं इंजिन बहुधा टिकतंही, पण बुस्टचे (टर्बोच्या दाबाचे) आणि एक्झॉस्टच्या तापमानाचे मीटर बसवलेले असतील तर मालक जाणता आहे असं समजा.

प्रॅडो १२० आणि १५०. कुटुंबासाठी सोयीच्या, दोन टाक्या मिळून १५० ते १८० लिटरपर्यंत डिझेल मावणाऱ्या. ३.० डिझेलच्या जुन्या गाड्यांत इंजेक्टरखालचे तांब्याचे सील गळतात, काजळी तेलात उतरते आणि तेल ओढणारी जाळी तुंबते. इंजिन आतून कोरडं पडतं. इंजेक्टर आणि सील कधी बदलले हे विचारा. २०१५ नंतरच्या २.८ डिझेलमध्ये धूर गाळणारा डीपीएफ आला. ऑक्टोबर २०१५ ते एप्रिल २०२० या काळातल्या हायलक्स, प्रॅडो आणि फॉर्च्युनरच्या डीपीएफ दोषावरून इथं सामूहिक खटला झाला आणि २०२२ मध्ये फेडरल कोर्टानं ग्राहकांच्या बाजूनं निकाल दिला. या काळातली गाडी घेताना डीपीएफचं काय केलं याची नोंद सर्व्हिस बुकात हवी.

पजेरो. आपल्याकडं पजेरो म्हटलं की पुढारी आठवतात. इथं ती शिक्षक, नर्स, निवृत्त जोडप्यांची गाडी आहे. ३.२ डिझेल, डांबरावरही फोर व्हीलमध्ये चालवता येईल अशी गिअर रचना, आत आरामशीर. वेगळी चॅसी नाही, टाकी ८८ लिटरची, वाळूच्या खोल चाकोरीत पोट घासतं. पण बर्ड्सव्हिल, ऊडनाडाटा, गिब रिव्हर एवढाच बेत असेल तर प्रॅडोच्या निम्म्याच्या आसपास पैशांत काम होतं. बजेट कमी असणाऱ्यांना मी हीच सुचवतो आणि नाकं मुरडलेली बघतो. इसुझूच्या डी-मॅक्स आणि एमयू-एक्समधलं ३.० डिझेलही असंच, आवाज ट्रॅक्टरचा आणि तब्येतही ट्रॅक्टरची.

"महिंद्रा घेऊ का, आपली आहे" असंही विचारतात. महिंद्रा इथं मिळते आणि शेतावर चांगली राबते. पण अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पुढं तिचा सुटा भाग मिळायला किती दिवस लागतील, हे फोन करून विचारल्याशिवाय भावनेच्या भरात जाऊ नये.

आणखी एक. चाकाची रिम १६ किंवा १७ इंची असावी. आतल्या भागातल्या रोडहाउसवर, म्हणजे हायवेवरच्या पंप-खानावळीवर, त्याच मापाचा टायर मिळण्याची शक्यता असते. २० इंची देखण्या चाकांवर आलेला माणूस टायरची वाट बघत बसलेला मी पाहिला आहे.

डिझेल की पेट्रोल

सिम्प्सनमध्ये माउंट डेअरहून निघून बर्ड्सव्हिलपर्यंत साधारण पाचशे किलोमीटरमध्ये पंप नाही. वाळूत डिझेल गाडीचं अ‍ॅव्हरेज लिटरला चार-पाच किलोमीटरवर येतं, पेट्रोलचं त्याहून खाली. म्हणजे डिझेल १३०-१४० लिटर तरी हवं, पेट्रोल दोनशेच्या वर. इथं डिझेलचा निकाल लागतो. बाकीच्या रस्त्यांवर पेट्रोलला उगीच नावं ठेवतात. दूरच्या बऱ्याच आदिवासी वस्त्यांत साधं पेट्रोल मिळत नाही, ओपल या नावानं ओळखलं जाणारं मिळतं. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनाला आळा बसावा म्हणून ते वेगळं बनवलेलं आहे. गाडीला ते चालतं.

नव्या कॉमन-रेल, म्हणजे खूप दाबानं इंधन सोडणाऱ्या, डिझेलला पाण्याचा थेंब किंवा कचरा सोसत नाही. एका खराब टाकीनं चार इंजेक्टर जातात, आणि तो खर्च हजारो डॉलरचा. दुसरा डिझेल फिल्टर बसवलेला असेल तर ती सजावट चांगली समजा. डीपीएफवाली गाडी शहरात शाळा-दुकान-शाळा अशी फिरलेली असेल, तर कमी किलोमीटर बघून भुलू नका. तिचा डीपीएफ आतून तुंबलेला असू शकतो. त्यापेक्षा हायवेवर तीन लाख किलोमीटर झालेली आणि दर वेळी तेल बदललेली गाडी मी घेईन.

कागद

गाडी बघायला जाण्याआधी फोनवर सतरा अंकी-अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, मागून घ्या. तो द्यायला काचकूच करणाऱ्याकडं जाऊच नका. सरकारी पीपीएसआर साइटवर दोन डॉलरमध्ये कळतं की गाडीवर कर्ज आहे का, चोरीची आहे का, कधी मोडीत निघाल्याची नोंद आहे का. नावात मिळत्याजुळत्या महागड्या साइट पुष्कळ आहेत, सरकारीच उघडा. कर्ज असलेली गाडी घेतलीत तर कर्ज देणारा ती तुमच्याकडून जप्त करू शकतो.

राज्याराज्यांचे नियम वेगळे. व्हिक्टोरियात विकणाऱ्याला रोडवर्दी प्रमाणपत्र द्यावं लागतं, क्वीन्सलंडमध्ये सेफ्टी सर्टिफिकेट. साउथ ऑस्ट्रेलियात नोंदणी चालू असलेल्या गाडीला असं काही लागत नाही, त्यामुळं इथं डोळे जास्त उघडे ठेवायला हवेत. आणि प्रमाणपत्र म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला सुरक्षित आहे एवढंच. इंजिन उद्या बसणार नाही असं ते सांगत नाही.

परवानाधारक डीलरकडून घेतल्यास व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये कायद्यानं तीन महिने किंवा ५,००० किलोमीटरची वॉरंटी मिळते, पण दहा वर्षांच्या आतल्या आणि १,६०,००० किलोमीटरच्या आतल्या गाडीलाच. आपण ज्या गाड्यांबद्दल बोलतोय त्यांतल्या बहुतेक या रेषेच्या बाहेर.

गाडीखाली

माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी मी गाडीखाली गेलोच नव्हतो. नवे कपडे घातले होते. वरून बघितली, इंजिनचा आवाज ऐकला, टायरला लाथ मारली, पैसे दिले. पुढच्या जुलैत बर्ड्सव्हिल ट्रॅकवर मागच्या शॉकअपची वरची जागा चॅसीपासून फाटून निघाली. तिथं जुनी भेग होती, कुणीतरी वरून वेल्डिंगचा टिळा लावून रंग मारला होता. वाटेतल्या रोडहाउसवर चार दिवस काढले. बायको तेव्हा काही बोलली नाही, आजही बोलत नाही, फक्त नवी गाडी बघायला निघालो की माझे जुने कपडे काढून ठेवते.

तर दुसऱ्या गाडीच्या वेळची गोष्ट. अ‍ॅडलेडच्या उत्तरेच्या एका उपनगरात पांढरी जीयू पॅट्रोल बघायला गेलो. विकणारे काका भले, चहा विचारला. गाडी काचेसारखी. सोबत सतरंजी, बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर. खाली सरकलो तर सगळी चॅसी काळीभोर, ताज्या रंगाचा वास. वीस वर्षांच्या गाडीचं पोट कुणी रंगवत नाही. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं पुढून ठोकत मागं गेलो. टण, टण, टण, आणि मागच्या आडव्या पट्टीपाशी आल्यावर थप. पिकलेल्या फणसासारखा आवाज. टोक टेकवलं तर रंगाचा पापुद्रा आत गेला. काका म्हणाले, हो, आम्ही मासे धरायला बीचवर न्यायचो. समुद्राच्या वाळूत फिरलेली गाडी धुतली तरी चॅसीच्या पोकळीत मीठ राहतं. काकांचा चहा घेऊन परत आलो.

गाडीखाली बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. चारही शॉकअपच्या जागा, स्प्रिंग टेकतात ती ठिकाणं, स्टिअरिंग बॉक्स चॅसीला बसतो तिथली भेग, मागची आडवी पट्टी, स्टेपनी लटकवण्याची साखळी, ब्रेकचे धातूचे पाइप. लाल धूळ दिसली तर घाबरू नका. उलट पोटात लाल धूळ आणि वर जाहिरातीत "कधीही डांबर सोडलं नाही" असं असेल, तर माणूस कळतो. पक्क्या एक्सलच्या गाड्यांत पुढच्या चाकामागचा चेंडूसारखा गोल भाग बघा. तिथं तेल ओघळून टायरच्या आतल्या बाजूला लागलं असेल तर सील गेलंय. डिफचं तेल दुधट असेल तर गाडी पाण्यात बुडून निघालेली.

पूर येऊन गेलेल्या भागातली गाडी असेल तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. गाडी कितीही धुतली तरी बेल्टच्या आतल्या गुंडाळीवर चिखलाची रेघ राहते. खाणीतून निवृत्त झालेल्या लँडक्रूझरपासून शक्यतो लांब राहा. दारावर जुन्या नंबराच्या स्टिकरची सावली, टपावर दिव्याची बुजवलेली भोकं, ही ओळख. खाणीतलं खारं पाणी बीचपेक्षा वाईट.

मग बॉनेट. एअर फिल्टरचा डबा उघडा आणि फिल्टरच्या पलीकडं, इंजिनकडं हवा जाते त्या बाजूला, बोट फिरवा. आउटबॅकची बुलडस्ट मैद्यासारखी बारीक असते. बोटाला लालसर पीठ लागलं, तर ते पीठ इंजिनातही गेलंय आणि आतून पॉलिश पेपरसारखं काम करून बसलंय. माझ्या मते या एका बोटाइतकी स्वस्त परीक्षा दुसरी नाही. ऑटोमॅटिक गाडीत रेडिएटरचं पाणी आणि गिअरचं तेल बघा. रेडिएटर आतून फुटला की दोन्ही एकत्र होतात, रंग गुलाबी मिल्कशेकसारखा. तसं दिसलं तर गिअरबॉक्स गेला समजा.

चालवून बघणं

आदल्या दिवशी सांगून ठेवा, गाडी सुरू करू नका, मी येऊन करतो. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा. थंड डिझेल सुरू होताना थोडा धूर चालतो, मिनिटाभरानंतर निळा किंवा पांढरा राहिला तर नाही. इंजिन चालू असताना तेल भरण्याचं झाकण सैल करून बघा. किंचित वाफ ठीक, धडाधडा उसळत असेल तर पिस्टन झिजलेत.

मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरा, पुढून कट-कट आवाज आला तर चाक फिरवणारा सीव्ही जॉइंट झिजलाय. लो रेंज आणि डिफ लॉक मातीवर घालून बघा, कोरड्या डांबरावर नको. बऱ्याच शहरी गाड्यांत हे खटके वर्षानुवर्षं न वापरल्यानं जाम झालेले असतात आणि दिवा नुसताच लुकलुकत राहतो. अ‍ॅडलेडमध्ये असाल तर ग्लेन ऑस्मंडहून क्रेफर्सपर्यंतचा हायवेचा चढ फुकटची प्रयोगशाळा आहे. एसी लावून चढवा. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा फारसा विश्वासाचा नसतो, तो बराच वेळ मधोमध बसून राहतो. नव्या गाड्यांत पन्नासेक डॉलरचं ओबीडी रीडर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं यंत्र, लावून मोबाइलवर खरा आकडा बघा. फॉल्ट कोड नुकतेच पुसलेत का, याचाही अंदाज त्यातून येतो.

इतकं जमून आलं तरच स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी करून घ्या, आणि तो फोर-बाय-फोरची कामं करणाराच हवा. टोकन द्यायचं तर पावतीवर "तपासणीत पास झाल्यास" हे शब्द लिहून घ्या.

पैसे उरवून ठेवा

हातात तीस हजार डॉलर असतील तर गाडी बावीस-तेवीसची बघा. उरलेले लगेच लागतात. सगळी तेलं, बेल्ट, होजपाइप, थर्मोस्टॅट, बॅटरी, आणि पाच जाड बांध्याचे एलटी (हलक्या ट्रकचे) टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर घेऊन आत जाऊ नये. त्यानंतर हवा भरायचा कॉम्प्रेसर, गाडीगाडीत बोलायचा यूएचएफ रेडिओ आणि सॅटेलाइटवर चालणारा संकटाचा बीकन. विंच, टपावरचा तंबू, दिव्यांच्या माळा नंतर. जे काही बसवाल ते विमा कंपनीला कळवा, आणि वाळवंटातून गाडी ओढून आणायचा खर्च पॉलिसीत आहे का ते शब्दन् शब्द वाचा. साध्या रोडसाइड सेवेत तो बहुतेक नसतो.

सिम्प्सनचे पार्क १ डिसेंबर ते १५ मार्च उन्हाळ्यामुळं बंद असतात आणि एरवीही पास लागतो. म्हणून खरेदी उन्हाळ्यात करा. त्या दिवसांत घासाघीस जमते, आणि हातात तीन-चार महिने राहतात. एप्रिलमध्ये पूर्ण सामान, भरलेलं पाणी, घरची सगळी माणसं घेऊन आधी वजनकाट्यावर जा, मग फ्लिंडर्समध्ये दोन रात्री काढा. कच्च्या रस्त्यावर टायरची हवा कमी करून दीडेकशे किलोमीटर करा. घरी आलात की दुसऱ्या दिवशी सतरंजी घेऊन पुन्हा गाडीखाली जा आणि पाना हातात घेऊन एकेक नट बघा. जो सैल झालेला सापडेल त्याच्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवा, म्हणजे मारीला पोचल्यावर पंपाच्या रांगेत वाकून बघितलं की रेघ हललीय का ते कळतं.